आक्कांनी वाजवलेली कडी

आमच्या आक्का भुताचा सिनेमा बघताना मोठ्यानं हसायच्या. धारूरच्या तंबू टॉकीजमध्ये बाकीच्या बाया तोंडावर पदर घेऊन बसलेल्या असत आणि आक्का पडद्यावरच्या भुताला सांगत, "अगं, केस तर बांध आधी!" मुलांनो, आक्का म्हणजे तुमच्या आजोबांची थोरली बहीण, माझी नणंद. गावातल्या दूध सोसायटीच्या चेअरमन. सिनेमा कसा आहे, हे गाव त्यांनाच विचारायचं.

तुमची शैलामावशी कॉलेजात असताना तिनं मैत्रिणींना घेऊन भुताचा सिनेमा काढला. कॅमेरा लग्नाच्या शूटिंगवाल्याकडून मागून आणलेला. आजोबांनी बजावलं होतं, "हा एकच. पुण्याच्या स्पर्धेत निवडला गेला नाही, तर पतसंस्थेत नोकरीला लागायचं."

पुण्याला पाठवण्याआधी तिनं तो सोसायटीच्या हॉलमध्ये दाखवला. घरात एकट्या असलेल्या मुली आणि विहिरीच्या पाण्यातून वर येणारी हडळ, अशी गोष्ट. वर्ष दुष्काळाचं होतं, गावाला टँकरचं पाणी. पडद्यावर भरलेली विहीर दिसताच कुणीतरी ओरडलं, "कुठली हाय बे ही विहीर?" मग हडळीकडे कोण बघतो!

शैलाचा चेहरा उतरला. तरी तिनं विचारलं, "आत्या, कसा वाटला?"

"लई बोगस."

मी डोळ्यांनी खुणावलं. पण सोसायटीत पाणी घातलेलं दूध आक्कांना चालत नसे, तसंच खोटं कौतुकही.

"हितं पाणी बघून कोण भिईल? लोक घागरी घेऊन पळतील. आन् पोरी एकट्या कावून हायेत, ते सांगितलंच न्हाईस. आईबाप उसाला गेलेत म्हण की!"

दिवाळीनंतर निम्मं गाव ऊसतोडीला जायचं. शाळेतली मोठी मुलं धाकट्यांना घेऊन मागं राहायची. दिवस मावळला की आक्का अशा प्रत्येक घराची कडी बाहेरून खडखडवायच्या. "आतून लागली का?" आतून "लागली, आक्का!" ऐकू आलं की पुढच्या दारी.

शैला काही दिवस आत्याशी बोललीच नाही. मग कॅमेरा पुन्हा मागून आणला आणि हडळ काढून टाकली. आता नुसतं बंद दार आणि बाहेरून खडखडणारी कडी.

"पण कडी वाजवणार कोण?" मी विचारलं.

"मी हाय की," आक्का म्हणाल्या. बोलायचं मात्र नाही, अशी शैलाची अट होती. "गप बसणंच लई जड गेलं बघ, सुमन," असं त्यांनी मला नंतर सांगितलं.

सिनेमा निवडला गेला. पेपरवाल्यांनी अभिनय कच्चा म्हटलं, उजेड कमी म्हटलं; पण कडी वाजते तेव्हा अंगावर काटा येतो, असंही लिहिलं. इंग्रजी पेपरातलं मी आक्कांना मराठीत सांगितलं.

"काटा कशाचा? धीर येतो पोरांना त्यानं," आक्का म्हणाल्या. "शहरातल्यांना काय कळतंय!"

आजोबांनी पतसंस्थेचं नाव पुन्हा काढलं नाही.

आक्का गेल्या, त्यानंतरच्या हिवाळ्यात शैलानं तो सिनेमा पुन्हा सोसायटीच्या हॉलमध्ये लावला. उसाला गेलेल्यांची मुलं पुढंच बसली होती. कडी खडखडली. पडद्यावरच्या मुली किंचाळल्या आणि पुढच्या रांगांतून एकदम आवाज उठला, "लागली, आक्का!"