झेंडे पाहायला हिवरा आश्रमाला

सकाळच्या पहिल्या एसटीनं वरवट बकाल सोडलं तेव्हा माझ्या मांडीवर पिशवी होती, पिशवीत लाल कापड होतं आणि शेजारी वच्छीमावशी होत्या. कंडक्टरनं विचारलं, "कुठं?" मी मावशींकडं पाहिलं. मावशी खणखणीत आवाजात म्हणाल्या, "हिवरा आश्रम. झेंडे पाह्याले." कंडक्टर हसला. मागच्या सीटवरचे दोघेही हसले. मी खिडकीकडं तोंड केलं.

पण गोष्ट खरीच होती. आमच्या बचत गटात मावशी धरून बारा जणी आहेत. गट पापड करतो. मी पापडही लाटते आणि घरी शिवणकामही करते. तालुक्याच्या मेळाव्यात प्रत्येक गटानं आपापला झेंडा आणायचा असं ठरलं, तेव्हा शिवायचं काम माझ्याकडं आलं. पहिला झेंडा मी दिवाळीनंतर शिवला होता. त्यात गटाचं नाव होतं, गाव, तालुका, जिल्हा होता, पापडांची चळत होती, गाय, पुस्तक, मशीन आणि उगवता सूर्य होता. भोवती लेस होती. आमच्या अध्यक्ष रेखाताईंनी जे जे सांगितलं ते ते मी लावलं.

झेंडा धुऊन कुंपणावर वाळत घातला आणि दुपारी पाहते तर जागेवर नाही. सगळीकडं शोधलं. तो सापडला चौथ्या दिवशी, शेजारच्यांच्या हरभऱ्याच्या वावरात (शेतात). आमच्याकडं रानडुकरं येऊ नयेत म्हणून धुऱ्यावर (बांधावर) जुन्या साड्या बांधतात. शेजारच्या गड्याला वाटलं, ही पण एक जुनी साडीच. त्यानं नेऊन बांधली. गटातल्या आठ जणी त्या वाटेनं रोज कामाला जात होत्या. स्वतः रेखाताई दोनदा गेल्या. एकीलाही आपला झेंडा ओळखू आला नाही.

"डुक्कर मातर एक आलं नाई," मावशी म्हणाल्या. बाकी सगळ्या हसल्या. मी शिवला होता, मला हसू आलं नाही.

मग रेखाताईंच्या भावानं सुरतेहून कापड पाठवलं. लाल एक तुकडा आणि पांढरा एक लहान तुकडा. असं हलकं, न सुरकुतणारं कापड आमच्या बाजारात मिळत नाही. ताई म्हणाल्या, "एवढंच हाये, सुमन. कातर चालवाच्या आंधी चार ठिकाणचे झेंडे पाहून ये. हिवऱ्याले मेहकरकडच्या गटायचा मेळावा हाये. वच्छीमावशीले संग ने." आणि हातात यादी दिली. झेंड्यात काय काय पाहिजे त्याची. अकरा गोष्टी होत्या.

यादी पाहूनच मला कळलं होतं की हा झेंडाही धुऱ्यावर जाणार. पण बैठकीत मी कधी बोलत नाही. चौथी शिकले, तेव्हाही वर्गात बोलत नव्हते. मी यादीची घडी केली आणि कमरेला खोचली.

शेगाव मागं पडलं आणि उन्हं वर आली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी तूर उभी होती, मध्ये हरभरा आणि मका, आणि प्रत्येक वावराभोवती साड्याच साड्या. आजवर मी त्या कधी नीट पाहिल्या नव्हत्या. त्या दिवशी शिवणाऱ्या बाईच्या नजरेनं पाहिल्या. बारीक फुलांची साडी जवळून किती छान दिसते! पण पन्नास पावलांवरून ती मातकट होऊन जाते. चौकडी विरघळते. एकरंगी साडी मात्र पार पलीकडच्या धुऱ्यावरूनही दिसते.

मावशींची नजर अधू आहे. मी त्यांना विचारलं, "मावशी, काय काय दिसते तुमाले?"

"थो लाल दिसते. थो पिवया (पिवळा) दिसते. बाकी सारा चिखल."

मग आम्ही खेळच केला. मावशी बोट दाखवायच्या, मी साडी कशी आहे ते सांगायची. खामगाव येईपर्यंत मावशींना एकही फुलाफुलाची साडी दिसली नाही.

गावं येत होती, जात होती. देवळाच्या शिखरावरचा भगवा लांबूनच दिसायचा. विहारावरचा पंचशील पाचही रंगांनी ओळखू यायचा. त्यांच्यावर कुणी काही लिहिलेलं नव्हतं. मावशींना एक अक्षर वाचता येत नाही, पण कुठं देऊळ आणि कुठं विहार हे त्यांनी मला चालत्या गाडीतून सांगितलं.

खामगावला गाडी बदलायची होती. लाल कापडाला जुळणारं रीळ घ्यायला मी एका दुकानात गेले. दुकानदारानं कापड चोळून पाहिलं. "कायले पाह्यजे, ताई?"

"झेंड्याले," मी हळूच म्हटलं.

"मंग जरीची झालर लावा ना चारी बाजूनं! अशी भारी दिसते!" त्यानं झालरीचं अख्खं बंडल माझ्यापुढं उलगडलं. मला नाही म्हणायला जमेना. शेवटी मावशींनी बंडल गुंडाळून त्याच्या हातात दिलं. "दादा, झेंडा हाये, नवरदेव नाई." तेवढ्या घाईत भाकरीचं गाठोडं दुकानातच राहिलं. ते आम्हाला मेहकरच्या गाडीत बसल्यावर आठवलं.

खामगावहून गाडी घाट चढून वर आली की हवा बदलते. आमच्याकडची जमीन ताटासारखी सपाट आहे. इकडं टेकड्या, उतारावरची लहान लहान वावरं, मध्येच सागाची झाडं. मावशी घाटात डोळे मिटून बसल्या आणि वर आल्यावर म्हणाल्या, "भूक लागून राह्यली बाई." जवळ खायला काहीच नव्हतं. शेजारच्या बाईनं विचारलंही नाही, दोन पेरू सरळ मावशींच्या ओच्यात टाकले.

हिवरा आश्रमाला उतरलो तर रस्त्यावरूनच मैदान दिसलं. मंडप आणि त्यापुढं रांगेत झेंडे. पंचवीस-तीस तरी असतील. मी उभी राहिले आणि त्या अंतरावरून पाहत राहिले. एकच झेंडा वेगळा दिसत होता, निम्मा हिरवा आणि निम्मा पिवळा. बाकीचे सगळे एकमेकांत मिसळले होते.

आधी जेवलो. गरम पुऱ्या आणि वांग्याची भाजी. आचाऱ्यानं मावशींना विचारलं, "आजी, अजून वाढू?" मावशी म्हणाल्या, "काऊन (कशाला) इचारतं? वाढ." मग आम्ही रांगेनं झेंडे पाहत गेलो.

पहिल्यावर नाव रंगवलं होतं. वारा फिरला आणि झेंडा उलटा वळला, तशी सगळी अक्षरं उलटी दिसू लागली. पुढच्या गटानं त्यावर उपाय केला होता. दोन्ही बाजूंना अक्षरं सरळ यावीत म्हणून कापड दुहेरी शिवलं होतं, वर मखमल आणि कडेला झालर. झेंडा इतका जड झाला होता की वारा असूनही ओल्या टॉवेलसारखा लोंबत होता. त्याखाली साखरखेर्ड्याची एक ताई बसली होती.

"काय काढलं वं बाई याच्यावर?" मावशींनी विचारलं.

"थांबा, दाखवते." ती उठली, एक कोपरा माझ्या हातात दिला, दुसरा स्वतः धरला. "धरा ओ नीट. आता बघा. ही विहीर, ही बैलजोडी, हे आमचं गाव."

काम फार सुंदर होतं. बैलांच्या शिंगांना रेशमी टाका होता. मी तिला तसं सांगितलं. ती खूश झाली, मग खालच्या आवाजात म्हणाली, "सकाळपासून असंच धरून दाखवायलीय. हात गळून गेले."

रांगेच्या टोकाला तो हिरवा-पिवळा झेंडा होता. खाली माझ्याच वयाची एक बाई हरभऱ्याचे घाटे सोलत बसली होती. मी धीर करून विचारलं, "ताई, हा कोणी ठरवला? लय दुरून दिसते."

ती लाजली. "ठरवते कोन? हिरवं कापड पुरलं नाई. मंग पिवयं जोडलं. आमच्या अध्यक्षबाई बोलल्या मले, काईच काढलं नाई म्हून."

"तिकडं रस्त्यावरून तुमचाच दिसत होता," मी म्हटलं. तिनं मूठभर घाटे माझ्या हातात दिले.

परतीच्या गाडीत झेंडा कसा पाहिजे ते मला आता पक्कं दिसत होतं. लाल कापड आणि मधोमध एक मोठा पांढरा गोल. आमचा पापड. गोलामागचं लाल कापून टाकलं की पुढून पाहा, मागून पाहा, तोच. एकेरी कापडाचा, म्हणजे फडफडणार. पण यादी कमरेलाच होती, आणि रेखाताईंसमोर हे सांगायचं कुणी?

दुसऱ्या दिवशी ओसरीत सगळ्या जमल्या. ताईंनी विचारलं, "अकराही बसतात न?"

माझ्या तोंडून निघालं, "नाई बसत, ताई. एकच बसते."

 ताई म्हणाल्या, "काऊन?"

 मी पिशवीतून कापडावर खुणा करायचा खडू काढला आणि फरशीवर ठेवला. म्हटलं, "पहिला झेंडा कोणी काढून दाखवा."

एकीनं गाय काढली, दुसरीनं सूर्य काढून पुसला, तिसरी म्हणाली पुस्तक इकडं होतं. दोघींचं भांडण लागलं. ताईंनीही खडू घेतला आणि लेसपाशी अडकल्या. मग मी एक चौकट काढली आणि आत एक गोल. "हा काढा."

"हा काय झेंडा? कॅरमची गोटी हाये," ताई म्हणाल्या.

"पापड हाये थो," मावशी म्हणाल्या आणि माझ्या हातातून खडू घेतला. गटाच्या वहीत मावशींचा अंगठा असतो. त्यांनी कधी पाटीही धरलेली नाही. त्या वाकल्या, वाकडीतिकडी चौकट काढली, आत गोल काढला आणि मागं सरकून पाहिलं. कुणीही आल्याबरोबर ओळखलं असतं.

"पाह्यलं? आला मले," त्या म्हणाल्या.

मग एकेकीनं खडू मागितला. ओसरीभर बारा झेंडे झाले. रेखाताईंचा सगळ्यात वाकडा आला आणि त्यावरून सगळ्यांनी त्यांना पुरतं छळलं.

"नाव बी नाई टाकाचं?" ताईंनी शेवटचं विचारून पाहिलं.

"नाई, ताई," मी म्हटलं. या खेपेला आवाज जरा मोठा आला.

ताई उठल्या, आत गेल्या आणि स्वयंपाकघरातून जेवायचं ताट आणून पांढऱ्या कापडावर पालथं घातलं. "घे, गोल आखून घे. अन् मीच धरतो ताट."

मी आखलं. मग कातर चालवली. वरवट ते हिवरा एवढा रस्ता मी झेंडे पाहत गेले, पण झेंडा आपल्या माणसांना सहज काढता आला पाहिजे हे मला ओसरीतच कळलं. गोल पूर्ण कापून झाल्यावर मी तो लाल कापडावर मधोमध ठेवला.  मग मावशींनी मान तिरकी करून पाहिलं.

"लाटला चांगला," त्या म्हणाल्या. "आता तयाचं (तळायचं) तेवढं राह्यलं."