आमच्या तज्ज्ञांकडून

ऋषिराजनं दोन लेख जोडून एक केला, आणि त्यातून हे सगळं रामायण घडलं.

पुण्याच्या एका शेतीविषयक वेबसाइटला तो घरबसल्या लेख लिहून द्यायचा. दिवसा बारामतीतल्या एका खासगी कॉलेजात कंत्राटी कारकून. दर जूनमध्ये आपल्याला पुन्हा घेतायत की नाही, हे शिपायाच्या चेहऱ्यावरून ओळखायचं, अशी ती नोकरी. जळोचीतल्या भाड्याच्या खोलीत बायको प्राचीला दिवस गेले आणि खर्चाचा हिशेब सुरू झाला, तेव्हा त्यानं हा जोडधंदा धरला. पैसे शब्दांवर मिळत. लेखाखाली नाव मात्र त्याचं नसे. तिथं छापलेलं असे, ‘आमच्या तज्ज्ञांकडून’. आपण कधीच खुरपं हातात न धरता तज्ज्ञ झालो, याची त्याला गंमत वाटायची. गंमत वाटली की माणूस बेफिकीर होतो.

डाळिंबावर त्यानं दोन छोटे लेख तयार ठेवले होते. एक गंधकाच्या फवारणीचा, एक निंबोळी तेलाचा. दोन्ही शब्दांत कमी पडत होते. म्हणून त्यानं ते एकमेकांना चिकटवले आणि मधे एक छानसं वाक्य घातलं, दोन्ही औषधं एकाच टाकीत घेतली की मजुरी वाचते. शब्द भरले. लेख गेला.

रविवारी सकाळी चहा पिता पिता, किती लोकांनी वाचलं ते बघायला त्यानं लेख उघडला. खाली कुणीतरी प्रतिक्रिया लिहिली होती : ‘गंधक आणि तेल एकत्र? बाग जाळायची आहे का?’ त्यानं घाईघाईनं शोधाशोध केली. खरंच होतं. उन्हात हे दोन एकत्र पडले की पानं करपतात, कळी गळते.

तेवढ्यात प्राचीनं आपला मोबाइल त्याच्यापुढं धरला. पळसदेवहून तिच्या वडिलांनी, झुंबरआबांनी, तोच लेख घरच्या ग्रुपवर टाकला होता. खाली लिहिलं होतं, ‘आज हीच फवारणी.’

आबांची बाग नेमकी कळीवर होती. वर्षाचं पीक त्या कळीत. त्यानं आबांना फोन लावला, तो वाजत राहिला. शेवटी सासूबाईंनी, बनाबाईंनी उचलला.

“आई, आबा कुठंयत?”

“बागंत. टाकी भरून गेल्यात. फोन हितंच चार्जिंगला हाय. चा झाला का?”

“त्यांना म्हणावं, फवारणी थांबवा. त्या लेखात चूक आहे.”

“अवो जावईबापू, तज्ज्ञांनी लिवलंय ते! ह्यांनी चष्मा लावून दोनदा वाचलंय. तुमी कालेजातली मानसं, तुमाला कशाला शेताचा ताप?”

इथं एक वाक्य बोलायचं होतं. मीच लिहिलंय, एवढंच. पण लग्न ठरवताना आबा भर बैठकीत म्हणाले होते, “पोरगं मोबाइलवर लय असतंय.” तेव्हापासून हे लिखाण सासरी झाकलेलं होतं.

“आई, कुणाला तरी पाठवा बागेत. मी निघालोच.”

“कुनाला पाठवू? माजा गुडघा हा असा. पर या की! ऐतवारच हाय, मटन टाकते.”

मोटारसायकल भिगवणच्या रस्त्याला लागली. नको म्हणत असतानाही प्राची मागं बसली होती. उसाचा हंगाम, त्यामुळं पुढं सारख्या जोडट्रॉल्या. एकीला मागं टाकावं तर वळणावर दुसरी डुलत उभी. ऊन चढत होतं. एरवी हिवाळ्यात हवंहवंसं वाटणारं ऊन आज त्याला पानावर पडताना दिसत होतं.

“एक वाक्य बोलायचं होतं,” प्राची कानाशी म्हणाली. “लिहायला सांगितलं असतं तर पानभर लिहिलं असतं तुम्ही.”

त्यानं पुढच्या ट्रॉलीला हॉर्न दिला.

“तुमच्या मॅडमना कळवलं?”

“आधी आबांची बाग.”

“डाळिंब काय एकट्या आबांनीच लावलंय?”

कळवणं म्हणजे काम जाणं, हे त्याला ठाऊक होतं. तिलाही होतं. भिगवणला त्यानं गाडी बाजूला घेतली आणि संपादक असलेल्या मोना मॅडमना फोन लावला.

“दोन लेख जोडलेस?” त्यांनी विचारलं.

“हो.”

“मुद्दाम?”

“शब्दांसाठी.”

“काढते आत्ता. बाकीचं नंतर बोलू.”

पळसदेवला बागेच्या तोंडाशी पोचला, तर फवारणीच्या ब्लोअरचा आवाज चालूच. ट्रॅक्टरवर आबा, तोंडाला उपरणं, मागं औषधाचा धूर. ऋषिराज हात हलवत सरळ ट्रॅक्टरपुढं पळाला.

“अवो पावणं! औषिद अंगावर घेताय काय?” आबा ओरडले.

“आबा, बंद करा! तो लेख मी लिहिलाय!”

ब्लोअर थांबला. एकदम कानात दडे बसल्यासारखी शांतता.

“कुठला लेख?”

“हाच. फवारणीचा. ते तज्ज्ञ म्हणजे मीच.”

आबांनी उपरणं सोडलं. त्याच्या कॉलेजच्या बुटांपासून वर बघत आले. “मंग लिवलंय ते बराबर हाय का चूक?”

“चूक.”

“म्हंजे तितं तज्ज्ञ कुनी न्हाईच?”

“नाही.”

“आन् म्या त्ये गावाच्या ग्रुपला धाडलंय!”

शिव्या येतील म्हणून तो खांदे आवळून उभा होता. आबांनी शिव्या दिल्या नाहीत, तेच जड गेलं. टाकी रिकामी केली, धुतली, साधं पाणी भरलं. रस्त्याकडची झाडं भिजून झाली होती. त्यांच्यावर जावयानं ऊन डोक्यावर येईस्तोवर पाणी मारलं. प्राचीनं घरून फोन आणला. आबांनी ग्रुपवर आवाज धाडला : “मी झुंबर बोलतोय. सकाळचं औषिद कुनी मारू नगा. ते आमच्या पावण्यानं लिवलंय.” दुपारचं मटण ऋषिराजनं गवत चघळावं तसं चघळलं. बनाबाई मात्र वाढतच होत्या. “खावा, खावा. पानी मारून दमला आसाल.”

गावात दुसऱ्या कुणी फवारलं नव्हतं. वेबसाइटवर दुरुस्ती आली आणि तिच्याखाली पहिल्यांदाच ऋषिराजचं पूर्ण नाव छापून आलं. महिनाभर काम बंद. मग मॅडमनी सणांचे शुभेच्छा संदेश लिहायला दिले. त्यांनी कुणाचं पान करपत नाही, आणि पैसेही त्याच मानानं मिळतात. घरभाडं निघत नाही, विजेचं बिल निघतं.

बाग वाचली. रस्त्याकडच्या झाडांची कळी मात्र गळाली, पानांच्या कडा तांबड्या झाल्या. तोडणीला ऋषिराज गेला, तेव्हा व्यापारी झाडं बघत फिरत होता. फळ न धरलेल्या त्या झाडांपाशी तो थांबला.

“आबा, ह्यांना काय झालं?”

“ती आमच्या पावण्याकडं येणं हायती,” आबा म्हणाले. “मागत न्हाय. निस्तं ध्यानात ठिवलंय.”

ऋषिराजनं पाकिटाकडं हात नेला. आबांनी क्रेट त्याच्या हातात दिलं.

“ऱ्हाऊ द्या. उचला हे.”