आत्याचं गप्प राहणं

आमच्या आत्याला कधी राग यायचा नाही, आणि त्याचाच आम्हाला राग यायचा. नळावर कुणी तिची घागर मागे सारली, तर ही निमूट शेवटी उभी. घरात प्यायला पाणी नाही, आणि बाईसाहेब म्हणणार, "क्रुसावर जायच्या आधी प्रभू न्यायसभेत काय बोलला? गप उभा राहिला न्हवं?" यावर काय बोलणार, कपाळ!

लातूरला क्लासच्या पोरींच्या एका मेसमध्ये ती स्वयंपाक करायची. पाण्याची टाकी शेवाळलीय, धुऊन घ्या, असं ती मालकाला वरचेवर सांगत होती. त्याने मनावर घेतलं नाही. पोरी जुलाबाने आडव्या झाल्या तेव्हा मात्र सगळ्या पालकांसमोर तो म्हणाला, "या बाईच्या हातालाच स्वच्छता न्हाई." आत्या खाली मान घालून घरी आली.

"अगं, टाकीचं सांगायचं की!"

"देवाला ठावं हाय."

"देवाला ठाऊक आहे, पालकांना नाही ना!"

ती मेथी निवडत बसली. मी भिंतीवर डोकं आपटायचंच बाकी ठेवलं होतं. त्यात रविवारी चर्चच्या उपासनेत पाळकसाहेबांनी तिच्या सोशीकपणाचा दाखला दिला. काम गेलं, अब्रू गेली, आणि पदरात काय, तर दाखला.

टाकी तशीच राहिली. पुढच्या उन्हाळ्यात पोरी पुन्हा आजारी पडल्या आणि मालकाचं बोट नव्या स्वयंपाकिणीकडे वळलं. ती इंदूबाई रडत आमच्या दारात आली. "मावशी, मला बी हाकलून राहिले. तुमच्यावानीच."

आत्याने हातातली भाजी खाली ठेवली आणि चपला घातल्या. मेसच्या अंगणात पालक जमलेच होते. तिचा आवाज एवढा मोठा असेल, हे मला तोवर ठाऊक नव्हतं. "हिचा काय गुन्हा? आधी वर चढून टाकी बघा. मागल्या साली बी टाकीच व्हती. मी गप बसले." एका पोरीचे वडील जिना चढून गेले आणि वरूनच त्यांनी मालकाला हाक मारली. इंदूबाईचं काम टिकलं.

परत येताना मी चिडूनच विचारलं, "हेच गेल्या वर्षी बोलली असतीस तर?"

"तर पोरी आजारी पडल्या नसत्या," ती म्हणाली. नळापाशी आल्यावर पुढे म्हणाली, "मी भ्याले व्हते. अन् प्रभूचं नाव फुडं केलं."

गेल्या महिन्यात आत्या गेली. शवपेटीपाशी उभे राहून पाळकसाहेब म्हणाले, "आपल्या भगिनीने आयुष्यभर मुकाट्याने सोसलं." माझं डोकंच फिरलं. मी उठणार, तेवढ्यात मागच्या बाकावरून इंदूबाई उभी राहिली.

"न्हाई साहेब," ती म्हणाली, "माझ्यासाठी बोलल्या त्या."