राऊत सरांची हिमनदी

एकदा हिमालयात जाऊन आलेला माणूस पुढे जन्मभर हिमालयच सांगत बसतो, हे मला आधी ठाऊक नव्हतं. आता आम्ही मंगरूळपीरला कुठंही चहाला टेकलो की पहिला घोट पोटात जायच्या आत कोणीतरी म्हणतं, "अन् ते डाळीचं सांगा ना!" शेजारच्या बाकावरचे लोक उठून जातात. मग आम्ही एकमेकांनाच सांगतो!

आम्ही म्हणजे भूगोलाचे राऊत सर आणि त्यांचे तीन विद्यार्थी, आता पोटं सुटलेले. गज्या सोयाबीन आणि तूर पिकवतो, प्रदीपचं कारंज्यात कापडाचं दुकान आहे आणि मी मोबाइल दुरुस्त करतो. सरांची सगळी नोकरी फळ्यावर हिमनद्या काढण्यात गेली. निरोप समारंभात शाल-श्रीफळ घेऊन ते माइकवर म्हणाले, "सगळं झालं माहं. एक हिमनदी तेवढी डोळ्यानं पाह्याची राह्यली."

मागच्या रांगेतून गज्या ओरडला, "मंग चला ना सर!"

झालं, ठरलं.

*

तयारी करायला हवी. पण आमच्याकडे चढायला पहाड कुठून आणणार? गज्यानं बियाण्याची भरलेली बॅग पाठीला बांधली आणि रोज सकाळी गाव ते फाटा अशा फेऱ्या सुरू केल्या. घामाघूम होऊन जायचा, घामाघूम होऊन यायचा. पारावरचे एक आजोबा बरेच दिवस बघत होते. शेवटी त्यांना राहवेना.

"काहून गा गजानन, बैल इकले काय?"

*

अकोल्याहून गाडी निघाली. सरांना खिडकी दिली होती. लांबवर पायऱ्यापायऱ्यांचे डोंगर दिसायला लागले आणि सरांचा तास सुरू झाला. "पाहा, जमिनीतून लाव्हा आला, थरावर थर बसत गेले, त्याच्याच या पायऱ्या. आपल्या वावरातली काळी माती बी त्याचीच."

समोरच्या बाकावरचं अनोळखी कुटुंब जेवता जेवता ऐकू लागलं. गज्या मात्र एकदम गंभीर.

"सर, म्हंजे माह्या वावरात लाव्हा होता?"

"होता ना. थंडा होऊन लय जमाना झाला त्याले."

"कोन म्हनते थंडा झाला? मे महिन्यात चप्पल काढून उभे राहा तुमी!"

*

प्रदीप सूर्य मावळल्यावर खात नाही. घरातलं वळण, आणि तो ते मनापासून पाळतो. पण हिमालयाच्या दरीतला सूर्य काही घरच्यासारखा नाही! दुपारच्या चहालाच तो शिखराआड गेला आणि आख्ख्या कॅम्पवर सावली पसरली. प्रदीपनं हातातलं बिस्कीट तसंच खाली ठेवलं.

सरांनी समजावलं, "मावळला नाही बाबा, आड गेला. तो समोरचा पहाड पाह्य, अजून उन्हात आहे."

"पन माह्यावर तर ऊन नाही ना सर!"

बराच खल झाला. शेवटी प्रदीपनंच तोडगा काढला. कारंज्यात सूर्य मावळायची वेळ त्याला तोंडपाठ होती. तीच धरायची! सरांनीही मान्यता दिली, कारण उन्हाळ्यात इथला सूर्य कारंज्यापेक्षा उशिरा मावळतो. तेव्हापासून प्रदीप हिमालयात बसून कारंज्याच्या सूर्यावर जेवायचा. आणि गज्या रोज संध्याकाळी विचारायचा, "काय शेठ, कारंज्यात आभाय तर नाही ना?"

*

गज्यानं घरच्या तुरीची डाळ सोबत आणली होती. कॅम्पवर कुकर नव्हता. डाळ चढवली. पाणी उकळतंय, डाळ नाचतेय, पण शिजायचं नाव नाही! स्वयंपाक करणारा पहाडी माणूस भिडस्त. हळूच म्हणाला, "साब, दाल पुरानी है क्या?"

गज्याला ते वर्मी लागलं. स्वतः पेरलेली, स्वतः कापलेली तूर! सर सांगत होते की उंचावर हवेचा दाब कमी, पाणी लवकर उकळतं, पण तेवढं तापत नाही, त्यात डाळीचा दोष नाही. ऐकतो कोण?

"दाल हमारी एकदम पक्की है," गज्या म्हणाला. "तुम्हारा पहाड कच्चा है!"

सर हसता हसता खाली बसले. "बरोबर आहे त्याचं! लय तरुण पहाड आहे हा, अजून वाढूनच राह्यला!"

*

आता शेवटचा किस्सा. हा आम्ही टपरीवर सांगत नाही.

वरच्या कॅम्पवर गाइडनं सगळ्यांच्या बोटाला ऑक्सिजन मोजायचं यंत्र लावलं. सरांचा आकडा पाहून त्याचा चेहरा उतरला. "सरजी ऊपर नहीं जाएंगे. अभी के अभी नीचे."

हिमनदी पुढच्या चढापलीकडे होती. मला इतकं वाईट वाटलं की सरांकडे बघवेना. आम्हीही उतरतो म्हटलं, तर ते रागावले. "मंग मले सांगनार कोन? जा, नीट पाहून या!" मदतनिसानं त्यांना घोड्यावर बसवून खालच्या गावाकडे नेलं.

आम्ही हिमनदी पाहिली. पांढरीशुभ्र असेल वाटलं होतं. तोंडाशी तर ती मळकी, राखाडी, दगडगोट्यांनी भरलेली. गज्यानं काठीनं तिथलाच बर्फ फोडला आणि गरम पाण्याचा थर्मास रिकामा करून त्यात कोंबला. सरांना दाखवायचा होता ना! मग अक्षरशः पळत उतरलो.

खालच्या गावात सर अंगणात घोंगडी पांघरून बसले होते. रंग पुष्कळ बरा दिसत होता. थर्मास उघडला, तर आत नुसतं पाणी.

प्रदीपनं जन्मात कोणाला न गाळलेलं पाणी दिलेलं नाही. त्याच्या घरी तो धर्मच. त्यानं पिशवीतून पांढरं फडकं काढलं, दुहेरी घडी केली, पाणी पेल्यात गाळलं आणि पेला सरांपुढे धरला.

"अबे, काय केलं बे!" गज्या किंचाळला. "सरांले हिमनदी दाखवाची होती, तू गायून टाकली!"

प्रदीप रडवेला झाला. "हात गेला रे आपोआप."

सरांनी पेला बाजूला ठेवला. "ते फडकं आन इकडं."

फडक्यावर राखाडी गाळ बसला होता. सरांनी तो बोटावर घेतला. अंगठ्यानं चोळला, पुन्हा चोळला. त्यांचे डोळे भरून आले होते.

"वर्गात सांगतलं होतं ना तुमाले, हिमनदी पहाड घासते, त्याचं पीठ करते म्हून?"

"हाव सर."

"खरंच करते रे, पोट्टेहो!"