मिस युडोरांचं अडकणारं पिस्तूल

जॉर्जियातल्या आमच्या गावात थर्लो मॅब्री हा एकमेव बंदुका दुरुस्त करणारा. कपाळावर चढवलेला चष्मा तासभर घरभर शोधणारा माणूस. पण बिघडलेलं पिस्तूल त्याच्या हाती गेलं की मुकाट्यानं सुधारतं.

परवा मिस युडोरा पिंकस्टन वारलेल्या नवऱ्याचं इवलंसं पिस्तूल घेऊन आल्या. सोबत मुलगा वेंडेल होता.

"थर्लो, हे दर दुसऱ्या काडतुसाला अडकतं. आज सुधारलं नाही तर मी विकून टाकणार," असं बजावून वेंडेल फोनवर बोलायला बाहेर गेला. मिस युडोरांचा चेहरा पडला. नवऱ्याची तेवढीच वस्तू त्या रोज जवळ बाळगायच्या.

थर्लोनं मॅगझीन, म्हणजे काडतुसं भरायची डबी, काढून रिकामं केलं आणि काडतुसं वर ढकलणारी आतली पट्टी बोटानं दाबून सोडली. ती सरकारी फाइलीच्या वेगानं वर आली. मग त्यानं मॅगझीन चक्क हुंगलं.

"मिस युडोरा, चर्चमध्ये चघळायचं पेपरमिंट कुठे ठेवता?"

"पर्समध्ये, पिस्तुलाशेजारी. का रे?" एवढं बोलून त्या लालबुंद झाल्या. "वितळलं होय? अरे देवा! वेंडेलला कळलं तर नाताळापर्यंत हसेल!"

थर्लोनं मॅगझीन गरम पाण्यानं धुऊन कोरडं केलं. शिवाय पट्टीखालची स्प्रिंग धडधाकट असूनही मुद्दाम बदलली.

फोन आटोपून आलेल्या वेंडेलनं परसात झाडून पाहिली, तर सहाच्या सहा काडतुसं सटासट उडाली.

"झालं काय होतं?" वेंडेलनं विचारलं.

"नवी स्प्रिंग घातली," थर्लो गंभीरपणे म्हणाला. "आईकडे दे ते."

वेंडेलनं ते आईच्या हातात दिलं.