बयच्या पसंतीची होडी

बय नेहमी समुद्राकडे पाठ करून बसायची. पाचूबंदरला आमचं घर किनाऱ्याला इतकं लागून होतं, की ओट्यावर बसलं की समोर दुसरं काही दिसायचंच नाही. तरी बय भिंतीकडे तोंड करून बसायची. तशीच जाळं शिवायची, तशीच सुकट निवडायची, तशीच दुपारचा चहा प्यायची. नवखं माणूस हमखास विचारायचं, "अगं बय, वारा तिकडून येतो आणि तू इकडं काय तोंड करून बसलीस?" बय मान वर न करता म्हणायची, "दर्याकडं बघून दर्या लहान होतो काय?"

ही माझी सासू. बाप्तिस्म्याचं नाव वेगळं होतं, पण अख्खा कोळीवाडा तिला बयच म्हणायचा, म्हणून मीही म्हणू लागले. माझं माहेर नायगावच्या कोळ्यांचं, पण वडील गिरणीत नोकरीला होते, त्यामुळे होडी म्हणजे काय ते मला लांबूनच ठाऊक. लग्न होऊन आल्यावर बयनं मला पहिलं काम दिलं ते बघण्याचं. होड्या परतायच्या वेळेला ती भिंतीकडे तोंड ठेवूनच विचारायची, "दिसली?" मी डोळ्यांवर हात धरून बघायची. "दिसली, बय," म्हटलं की ती पुढचा टाका घालायची. नाही म्हटलं की सुई तिथंच थांबायची.

सासरे समुद्रातच वारले होते. पास्कू, म्हणजे माझा नवरा, तेव्हा शाळेत होता. ते कसे गेले, यावर घरात कुणी बोलत नसे आणि मी विचारलं नव्हतं. सासऱ्यांची शिडाची होडी वाळूवर पालथी पडून कुजत होती. पास्कू दुसऱ्यांच्या होड्यांवर जायचा.

ऐंशी साल उलटून गेलं होतं. आसपासच्या लहान होड्यांना मागून अडकवायच्या मोटारी लागू लागल्या होत्या, त्यांना सगळे मशीन म्हणायचे. वारा नसला तरी त्या होड्या फटफटत पुढे निघून जायच्या आणि मासळी घेऊन आधी परतायच्या. एका रविवारी चर्चमधून मिस्सा करून आल्यावर पास्कूनं बयला सांगितलं, "मी आपली होडी घेतो. मशीनवाली." मला वाटलं, आता बय रडेल, नाहीतर भांडेल. ती भिंतीकडे बघत म्हणाली, "घे. पन बघायला मी येनार." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "तू पन चल. तुझा पन मानूस जानार तिच्यातून."

बायका होडी बघायला येतात हे कुणी पाहिलं नव्हतं. खाडीत एकानं जुनी, मोठी होडी विकायला काढली होती. पास्कू वाकून फळ्या ठोकून बघत होता. मालक वेगाबद्दल बोलत होता, जाळं किती मावेल ते सांगत होता. बयनं एकच प्रश्न विचारला, "पान्यात पडलेला मानूस हिच्यात परत चढंल काय?"

मालक हसला. "बय, पडायचं कशाला?"

"पडनारा विचारून पडत नाय."

पास्कूची मान खाली गेली. ती होडी तशीच सोडून आम्ही परतलो. बयला त्याचं काही वाटलेलं दिसलं नाही. दुसरी होडी फायबरची होती, तेव्हा ती नवलाचीच. गुळगुळीत, हलकी, पांढरीशुभ्र. बयनं तिच्या अंगावरून ओला तळवा फिरवला. तो घसरत खाली आला. "धरायचं कुठं?" ती म्हणाली, आणि आम्ही निघालो.

तिसरी अर्नाळ्याला होती. तिथल्या एका सुतारानं सागाची नवी होडी बांधली होती. गिऱ्हाईक ऐनवेळी मागे फिरलं होतं, म्हणून ती पाण्यात उभीच होती. पास्कूला ती बघताक्षणी आवडली. बयनं पुन्हा तेच विचारलं. सुतार म्हणाला, "चढेल की. तरणा माणूस सहज चढेल."

बयनं चपला वाळूवर काढून ठेवल्या, लुगड्याचा काष्टा घट्ट केला आणि ती सरळ पाण्यात चालू लागली. मी "बय! बय!" म्हणून ओरडले. पाणी तिच्या छातीला लागलं. होडीचा काठ तिच्या डोक्याच्याही वर राहिला. तिनं दोन्ही हातांनी काठ धरला आणि अंग वर उचललं. कोपरापर्यंत आली, पाय फळ्यांवरून घसरले आणि ती खाली गेली. डोकं पाण्याखाली गेलं. वर आली, पुन्हा काठ धरला. पास्कू कपड्यांनिशी धावत गेला.

"हात लावू नको!" बय ओरडली. "त्या वेळेला तुझा हात तिथं नसनार!"

तिसऱ्यांदा ती काठाला नुसती लोंबकळत राहिली. मग तिची बोटं एकेक करून सुटली. पास्कूनं तिला उचलून वाळूवर आणलं. बय थरथरत होती. मी माझा पदर तिच्या पाठीवर टाकला, तेव्हा ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुझा सासरा बुडला नाय गो. पोहायला त्याच्यासारखा कोन नव्हता. काठाला धरून होता. होडीत त्याचा म्हातारा भाऊ, एकटा. त्याला खेचवंना, ह्याला चढवंना. हात गळंपर्यंत दोघं एकमेकांकडं बघत होते."

हे पास्कूलाही ठाऊक नव्हतं. तो वाळूत बसून राहिला.

सुतारच आधी बोलला. "काठ खाली घेतला तर लाट आत येईल, बय. ते जमणार नाही. पण बाहेरून पाय ठेवायला पायरी ठोकून देतो. मागं, मशीनच्या बाजूला."

"मशीनजवळ नको. पंखा पाय कापंल. मदी दे. दोन्ही अंगाला. आनि धरायला दोराचा फास."

त्यानं तसं करून दिलं. पुढं अर्नाळ्याला बऱ्याच होड्यांना तशी पायरी लागलेली मी पाहिली. आमच्या होडीच्या पायरीची गरज कधी कुणाला पडली नाही, देवाच्या कृपेनं.

मोटार घ्यायला मुंबईला गेलो. दुकानात दोन मोटारी मांडल्या होत्या, एक मोठी, एक लहान. पास्कूचा जीव मोठीवर. दुकानातला मुलगा तिच्या ताकदीचं वर्णन करत होता. बयनं विचारलं, "बंद पडली तर?"

"ही बंद पडत नाही, मावशी."

"मानूस बंद पडतो, तुझी मशीन पडत नाय?"

मग तिनं पास्कूला मोठी मोटार एकट्यानं उचलून बघायला सांगितलं. त्याच्या मानेच्या शिरा फुगल्या, पण ती जेमतेम हलली. लहान मोटार त्यानं उचलून खांद्यापर्यंत नेली. "दर्यात बिघडली तर उचलून आत घेता आली पायजे," बय म्हणाली. लहान मोटार घेतली. एवढ्यावर ती थांबली नाही. त्या मुलाला तिनं मोटार उघडायला लावली, आणि पास्कूला ती स्वतःच्या हातांनी खोलून पुन्हा जोडायला लावली. परतताना पास्कू फुरंगटून म्हणाला, "सगळ्यांच्या मागं राहीन मी." बय म्हणाली, "रहा मागं. पन रहा." तिच्याच हट्टानं सासऱ्यांच्या होडीचं जुनं शीड आणि वल्ही नव्या होडीतही गेली.

फादरांनी होडीवर पवित्र पाणी शिंपडलं, नाळेला, म्हणजे पुढच्या टोकाला, झेंडूची माळ घातली आणि पास्कू चुलतभावाला घेऊन समुद्रावर जाऊ लागला. मला वाटलं होतं, एवढं पारखून घेतल्यावर बयची काळजी कमी होईल. तसं झालं नाही. आता ती मशीनचा आवाज ऐकायची. प्रत्येक मशीनचा आवाज वेगळा असतो म्हणे. आमची कुठली ते तिला कळायचं, आणि तो आवाज येईपर्यंत ती ताटाला हात लावत नसे.

एके दिवशी दुपारी वारा फिरला. एकामागून एक होड्या आल्या, आमची आली नाही. "दिसली?" "नाही." "दिसली?" "नाही, बय." शेजारच्या बायका ओट्याशी येऊन उभ्या राहिल्या, कुणी क्रुसाची खूण केली. मग बयनं विचारणंच थांबवलं, आणि त्यानं मला जास्त भीती वाटली. थोड्या वेळानं ती उठली, वळली आणि पाण्याच्या कडेला जाऊन समुद्राकडे तोंड करून उभी राहिली. मी तिच्या शेजारी जाऊन उभी राहिले. तिनं माझं मनगट धरलं. तिची नखं रुतली, पण मला ते नंतर घरी गेल्यावर कळलं.

ऊन पिवळं झालं तेव्हा शीड दिसलं. मोटारीच्या रॉकेलमध्ये पाणी गेलं होतं. मोटार बंद पडली, तशी दोघांनी ती उचलून आत घेतली आणि शिडावर आले. पास्कू उतरला तेव्हा बयनं त्याच्या ओल्या शर्टाचा गळा दोन्ही मुठींत धरला. वाटलं, आता मारते. तिनं त्याची बटणं नीट लावली आणि घराकडे चालू लागली.

त्या संध्याकाळी मी चुलीपाशी तिला म्हणाले, "बय, तू सांग ना त्याला. सोड म्हणावं हे. माणिकपूरला कुठंतरी नोकरी बघेल. तुझं ऐकेल तो."

"ऐकंल," ती म्हणाली. "म्हनून तर सांगत नाय."

मला राग आला. तिनं भाकरी उलटली आणि हळूच म्हणाली, "भ्या माझं हाय, पोरी. दर्या त्याचा हाय. माझं भ्या त्याच्या गळ्यात कशाला बांदू?"

काही वर्षांनी बय आजारी पडली. छातीत कफ भरला होता, उठवत नव्हतं. पास्कू तिच्या उशाशी बसून राहिला, समुद्रावर जायला तयार होईना. एका सकाळी तिनं त्याला विचारलं, "वारा कसा हाय?" तो म्हणाला, "चांगला आहे." "मग बसलास काय? जा." तो माझ्याकडे बघू लागला. बय म्हणाली, "तिला काय विचारतोस? जा, बाबा." त्यानं तिचा हात कपाळाला लावला आणि तो गेला. त्याच्या मशीनचा आवाज लांब जाईपर्यंत ती डोळे मिटून ऐकत होती. फादर येऊन गेले. दुपार व्हायच्या आत बय गेली.

पास्कूला निरोप द्यायला कुणी नव्हतं, आणि असतं तरी समुद्रात कसा देणार? बायकांना तिच्यापाशी बसवून मी किनाऱ्यावर गेले. आमची होडी येताना दिसली तशी मी पाण्यात उतरले, गुडघ्यापर्यंत, मग कमरेपर्यंत. पास्कू मागच्या बाजूला मशीन धरून बसला होता. त्यानं मला पाण्यात उभी पाहिलं. त्यानं मशीन बंद केली, आणि उरलेलं अंतर होडी आवाज न करता माझ्याकडे येत राहिली.