तिसरा गिअर

मंडळी, आमच्या वाडीचे किसनकाका आज सकाळी शहापूरच्या दवाखान्यात तापाने गेले.

काका माझ्या पिकअपवर भेंडीचे क्रेट चढवायला यायचे. महिनाभर गाडीचा तिसरा गिअर चढाला आपोआप सुटायचा. मग काका शेजारी बसून गिअरचा दांडा दाबून धरायचे. म्हणायचे, "तू चालव, मी हाय ना. पण मेस्त्रीला दाखव रे."

मी दाखवलं नाय. भेंडीचा सीझन होता, आणि गिअरबॉक्स उघडला की मोठा खर्च निघणार हे ठाऊक होतं. शेवटी सोमवारी गाडी रस्त्यातच बसली. आता गिअरबॉक्स मुरबाडच्या गॅरेजात खोलून ठेवलाय. पार्ट घ्यायला पैसे जमले नायत.

आमच्या वाडीतलं मयत माझ्याच गाडीतून घरी येतं, भाडं न घेता. आज काकांच्या पोरीचा फोन आला, "दादा, बाबांना न्यायला येतोस ना?"

गाडी खोलून पडलीय, एवढंच मी तिला सांगितलं. काका परक्या गाडीतून घरी आले. ते भाडंही तिनेच दिलं.

तिरडीवर ठेवताना त्यांचा उजवा हात मीच सरळ केला. दांडा धरायचे तो हात.

तुमच्या गाडीचा गिअर सुटत असेल, तर शेजारच्याला धरायला लावू नका.